ताप उतरला ती सकाळ

बुधवार, १४ नोव्हेंबर २०१८. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. पनवेलमधल्या एका खाजगी रुग्णालयाचा मुलांचा अतिदक्षता विभाग.

हजर: मुक्ता, माझी मुलगी, वय सात, खाटेवर. मी. डॉ. तांबे, बालरोगतज्ज्ञ. सिस्टर शीबा, मुक्ताचा उजवा हात धरून. दाराबाहेर काशीबाई, उरणजवळच्या करंजाहून येणारी आमची मासेवाली. तिला आत सोडलं नव्हतं आणि ती जायला तयार नव्हती.

गैरहजर: मुक्ताचे बाबा प्रशांत, बंदरातल्या ड्युटीवरून निघालेले, अजून रस्त्यात. माझ्या सासूबाई, घरी, देवाजवळ.

डॉक्टर म्हणाले, "हे सेप्सिस आहे. जंतू शरीरात कुठेतरी शिरलेत. त्यांच्याशी लढता लढता तिच्या शरीराचा स्वतःवरचाच ताबा सुटत चाललाय. रक्तदाब पडायला लागलाय. पुढचे काही तास आपल्याला खूप जपावं लागेल."

मी म्हणाले, "पण डॉक्टर, ताप उतरलाय. सकाळी सातला ९६.८ होता." आणि पर्समधून तक्ता काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो नीट वाचला. मग म्हणाले, "ताई, हा उतरलेला ताप नाही. हातापायांपासून अंग थंड पडत चाललंय." आणि सिस्टरना म्हणाले, "याची झेरॉक्स काढून केसपेपरला लावा. वेळा बरोबर लिहिल्यात."

हे सगळं लिहिते आहे ते त्या तक्त्यामुळे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आज लहान मूल तापलेलं असेल आणि फ्रीजवर असाच एखादा कागद चिकटवलेला असेल, तर थोडा वेळ काढून वाचा.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स बघते. कुठला नट कुठल्या खणात आहे हे मला झोपेतही सांगता येतं. आमच्या इमारतीची मी सेक्रेटरी होते, बैठकांची मिनिट्स मीच लिहायची. घरी वाणसामानाची यादी, दुधाची, शाळेच्या डब्यांची. प्रशांत म्हणायचा, "हिला स्वप्न पडलं तरी आधी हजेरी घेईल."

तेव्हा आम्ही जुन्या पनवेलात राहायचो, तळ्याच्या मागच्या गल्लीत, तीन मजली इमारतीत, पहिल्या मजल्यावर. दिवसा दार उघडंच असायचं. नुसती जाळी ओढलेली, कडी न लावता. वरच्या जोशीकाकू विरजण मागायला थेट ओट्यापर्यंत यायच्या. इस्त्रीवाला कपडे दिवाणावर ठेवून जायचा. आणि बुधवार-शुक्रवार-रविवार साडेनऊच्या सुमाराला जिन्यातूनच काशीबाईची हाक यायची, "बाय, पानी दे गो."

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी अंगणात किल्ला केला होता. दगड-विटा, गोणपाट, वरून माती. मुक्ताला मावळे मांडायचं काम दिलं होतं, पण तिला बुरूज बांधायचे होते. बुरुजासाठी फुटकी फरशी ओढताना तिच्या नडगीला कापलं. बोटाच्या पेराएवढी जखम. मी धुतली, लाल औषध लावलं, पट्टी चिकटवली. तीन दिवसांत वरून खपली धरली. माझ्या लेखी ती जखम बंद झाली.

रविवारी, ११ तारखेला, संध्याकाळी तिला ताप आला. १०१. सोमवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. घसा पाहिला, छाती तपासली. गावभर तापाची साथ होती. ते म्हणाले, ताप असेल तर सहा तासांनी पॅरासिटामॉल, दोन दिवसांत उतरला नाही तर परत आणा. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पायाची खपली मी त्यांना दाखवलीच नाही. तापाचा आणि खपलीचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही.

घरी येऊन मी तक्ता आखला आणि फ्रीजवर चिकटवला. चार रकाने: तारीख, वेळ, ताप, औषध. दर सहा तासांनी घड्याळाच्या ठोक्याला औषध. "ताप असेल तर" हे शब्द मी ऐकले होते, पण मला ठोक्याला दिलेलं औषध जास्त बिनचूक वाटलं. त्यामुळे तक्त्यात ताप कधी फार चढलाच नाही. ९९.४, १००, ९९. आकडे सभ्य होते.

मंगळवारी ती जेवली नाही. पाय दुखतो म्हणाली, चालायला नको म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "अशक्तपणा असेल, पेज देते." पेजही दोन चमच्यांवर राहिली. यातलं काहीही मी लिहिलं नाही, कारण लिहायला रकाना नव्हता.

बुधवारी सकाळी थर्मामीटर ९६.८ वर थांबला. मी त्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली. ऑफिसला फोन केला की दुपारपासून येते. चहा टाकला. मला आठवतं, मी गुणगुणत होते.

साडेनऊला काशीबाई आली. तेव्हा साठीची असेल. काटक, कपाळावर मोठं कुंकू, कानात सोन्याच्या जड कुड्या. टोपली दारात उतरवली की मुक्ता धावत यायची आणि खेकडे असतील तर त्यांच्याशी गप्पा मारायची. काशीबाई तिला मांदेली, बोंबील, वाकटी ओळखायला लावायची आणि चुकली की म्हणायची, "कसली गो तू पनवेलची? तुला तं वाण्याच्या घरी द्यायला पायजे."

त्या दिवशी मुक्ता दिवाणावरून हलली नाही. डोळे अर्धे उघडे होते.

"आज काय रुसली का माज्यावर?" काशीबाईने दारातून विचारलं. मुक्ताने टोपलीकडे पाहिलंही नाही. "बाय, पोर अशी का पडलीय?"

मी म्हणाले, "ताप होता मावशी. आज उतरलाय. आता बरी आहे."

ती लुगड्याला हात पुसत आत आली. सासूबाई म्हणाल्या, "काशी, अगं हात तरी धू."

"हात मंग धुते आजी." तिने हाताची मागची बाजू मुक्ताच्या तळपायाला लावली, मग पोटऱ्यांना, मग फ्रॉक वर करून पोटाला. परत पायाला. तिचा चेहरा बदलला. "पाय बरफ झालंत नि पोट भट्टीवानी तापलंय. श्वास बघ कसा पळतोय. बाय, मुतली कवा ही?"

तीन दिवसांचा प्रत्येक अंश मला पाठ होता, आणि माझी मुलगी लघवीला शेवटची कधी गेली ते मला सांगता येत नव्हतं.

"काल दुपारी बहुतेक," सासूबाई म्हणाल्या. "नाही... काल सकाळी."

"मंग बसलात काय? उचला पोर."

मी म्हणाले, "मी आधी आमच्या डॉक्टरांना फोन करते, ते दहाला येतात."

"फोन रिक्षात कर. नायतं मी उचलते, माशाचा वास लागंल तर लागंल."

तिनेच उचलली. टोपली आमच्या हॉलमध्येच राहिली. रिक्षात मुक्ताचं डोकं काशीबाईच्या मांडीवर होतं आणि पाय माझ्या मांडीवर. त्या पायांचा गारठा मला अजून हाताला आठवतो. दहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो.

तिथे पहिली गोष्ट सिस्टर शीबांनी केली ती अशी: मुक्ताच्या बोटाचं नख दाबलं, सोडलं, आणि मोजलं. दाबल्यावर नख पांढरं होतं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी व्हायला हवं. याला कॅपिलरी रिफिल म्हणतात. हातापायांच्या टोकापर्यंत रक्त पोचतंय का ते त्यावरून कळतं. दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा. सिस्टर मनातल्या मनात मोजत होत्या, पण त्यांचे ओठ हलत होते. मी ओठांवरून मोजलं. पाच.

त्यानंतर सगळं एकदम झालं. दोन्ही हातांना सलाइनच्या सुया. शिरेतून भराभर सलाइन, याला बोलस म्हणतात, रक्तदाब सावरायला देतात. ब्लड कल्चर, म्हणजे रक्त एका बाटलीत ठेवून त्यात कोणता जंतू वाढतो ते पाहणं. त्याचं उत्तर दोन दिवसांनी येतं, पण अँटिबायोटिक तेवढं थांबत नाही, रक्त काढलं की लगेच सुरू करतात. लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडू लागला की रक्तात जे आम्ल साचतं त्याचं मोजमाप. तिचं वाढलेलं होतं. पहिलं अँटिबायोटिक शिरेत गेलं तेव्हा दहा चाळीस झाले होते. ही वेळ माझ्या वहीत आहे. काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून मी वेळा लिहीत होते.

अकरा दहाला डॉक्टरांनी ते नाव सांगितलं. बारा वीसला प्रशांत आला, हेल्मेट हातात, सेफ्टी बूट तसेच. दाराबाहेर काशीबाईने त्याला सांगितलं, "पोर हाय. आत हाय. आदी पानी पी." तिच्या तोंडून पहिलं वाक्य "पोर हाय" आलं, हे तो अजूनही सांगतो.

पहिले पाच दिवस आयसीयूत. रक्तदाब धरून ठेवणारं औषध पंपातून थेंबाथेंबाने. नाकात प्राणवायूच्या नळ्या. लघवीसाठी नळी आणि पिशवी. दर तासाला किती लघवी झाली ते सिस्टर लिहायच्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्या रकान्यात फार थोडं होतं. चार वाजता सिस्टर शीबा बाहेर आल्या आणि त्यांच्या केरळी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "आई, बाथरूम झाला. चांगला झाला." बाकावर बसलेले आम्ही दोघं लघवीच्या बातमीवर रडलो.

गुरुवारी सोनोग्राफीत कळलं की नडगीच्या त्या खपलीखाली, खोल पोटरीत, पू साचला आहे. सर्जननी तो काढला. शुक्रवारी कल्चरचं उत्तर आलं. जंतू साधा, आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहणारा. डॉक्टर म्हणाले, "जंतूला फार मोठं समजू नका. तो संधी बघतो." अँटिबायोटिक बदललं. रविवारी पंप बंद झाला. सोमवारी तिला वॉर्डात हलवलं.

आता जे सांगणार आहे ते विचित्र वाटेल. वॉर्डातले ते अकरा दिवस मला आज फार आठवतात, आणि दुःखाने नाही.

खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. सकाळी धुक्यात फक्त अंगठा वर आलेला. मुक्ता त्याला विचारायची, "आज बरा आहेस का रे?" आणि मग स्वतःच जाड आवाजात उत्तर द्यायची. अकराच्या सुमाराला सासूबाई डबा घेऊन यायच्या. मऊभात, वर तुपाचा थेंब, लिंबाची फोड वेगळ्या पुडीत. त्यांना जिने चढवायचे नाहीत, तरी लिफ्टवर विश्वास नव्हता. धापा टाकत येऊन पहिलं वाक्य, "मेतकूट आणलंय, सिस्टरला दाखवू नकोस." सिस्टर मागेच उभ्या असायच्या.

जोशीकाकूंनी इमारतीत पाळ्या लावल्या होत्या. कोण दुपारी बसणार, कोण कपडे नेणार. मी यादी मागितली तर म्हणाल्या, "तू गप बस. यादी आमच्या डोक्यात आहे." आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कसलीच यादी नव्हती. दुपारी मुक्ता झोपली की मी तिच्या पोटावर हात ठेवून नुसती बसायची. श्वास मोजायची. पुढे मोजणंही सुटलं.

पहिल्या रविवारी, ती आयसीयूत असतानाच, काशीबाई आली होती. टोपली नव्हती. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. काचेतून मुक्ताला पाहून आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली. मी तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माजा थोरला. चार वर्सांचा व्हता. त्याचं बी असंच पाय गार नि पोट गरम. आमी म्हनलं ताप उतरला. सासू म्हनली थंडी वाजतीय, गोधडी घाल. मी गोधडी घातली. दुपारच्याला गेला. कोन म्हनला वारा लागला, कोन म्हनला नजर. आता तुज्या डाक्टरान नाव सांगितला तवा मला कळला त्याला काय झाल्ता."

पस्तीस-चाळीस वर्षं तिला त्या आजाराचं नावच माहीत नव्हतं. मी तिचा हात धरला. जाताना उठून म्हणाली, "तुमच्या हॉलात माजी टोपली व्हती. आजीन सगली मासली शेजाऱ्यांना वाटली म्हनं. एकान पन सांगितला नाय बरी व्हती का." आणि हसली. मीही हसले.

३० नोव्हेंबरला, शुक्रवारी, आम्ही मुक्ताला घरी आणलं.

तुमच्यापैकी कुणाचं मूल यातून बाहेर आलं असेल तर हे माहीत असू द्या, कारण आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर पंधरा दिवसांत बोटांची सालं निघाली. अडीच महिन्यांनी केस मूठमूठ गळले, आणि नंतर परत आले. जिना चढताना ती मध्ये बसायची. पाढे विसरली होती, सातापासून परत शिकवले. चिकटपट्टी दिसली की रडायची. डॉक्टर म्हणाले, सगळं अपेक्षित आहे, वेळ द्या. आम्ही वेळ दिला. जूनपर्यंत ती तळ्याभोवती माझ्यापुढे धावायला लागली होती.

एका फेरतपासणीला डॉ. तांबेंनी मला मोठी गोष्ट सांगितली. सेप्सिस हे जगभर मुलांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे, आणि सगळ्या देशांनी एकत्र बसून तसा ठराव केलेला आहे: प्रत्येक देशाने त्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावं, लोकांना लक्षणं सांगावीत, कर्मचाऱ्यांना शिकवावं. मुलं शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत, आली तर पहिल्या तासात अँटिबायोटिक द्यायचं असं मार्गदर्शक तत्त्व आहे. मी म्हणाले, "तुम्ही दिलंत. दहा पाचला आलो, दहा चाळीसला गेलं."

ते म्हणाले, "हो, पण तो तास आमच्या दारात सुरू होतो. मंगळवारी सकाळपासून बुधवारपर्यंतचे तास कुठल्याच कागदात नाहीत. ते तुमच्या घरात गेले."

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. पण मी घरी आल्यावर बराच वेळ ओट्याशी उभी होते.

त्यानंतर आमच्या आयुष्यात पुष्कळ बदललं. सासूबाई गेल्या. इमारत पुनर्विकासात पडली, जोशीकाकू मुलाकडे पुण्याला गेल्या. आम्ही नवीन पनवेलला अकराव्या मजल्यावर राहायला आलो. घर छान आहे, हवा आहे. खाली गेटवर नाव सांगून, फोटो काढून, मोबाइलवर होकार आला की माणूस वर येतो. मासे डब्यातून येतात, साफ केलेले, बर्फासकट. आणणारा दाराबाहेर ठेवून बेल वाजवतो आणि दार उघडेपर्यंत लिफ्टमध्ये असतो. गेल्या सात वर्षांत परक्या बाईने येऊन माझ्या घरातल्या कुणाच्या पोटाला हात लावलेला नाही. मला त्या उघड्या जाळीची फार आठवण येते. तिच्यातून मांजरंही यायची, उधार साखर मागणारेही यायचे, आणि नको तेव्हा नको ते सल्ले यायचे. पण त्यातूनच काशीबाई आत आली.

दोन वर्षांपूर्वी डॉ. तांबेंचा फोन आला. काही डॉक्टर, गावोगाव फिरणाऱ्या आशाताई आणि पालक मिळून आई-वडिलांसाठी एक कार्ड करत होते. जागतिक पातळीवरच्या शिफारशींमध्ये पालकांना शिकवा असं लिहिलेलं असतं. ते आपल्या पनवेल-उरणच्या घरांत पोचेल अशा एका पानावर आणायचं होतं. मला म्हणाले, "तुम्ही तक्ते चांगले करता." मी म्हणाले, "ते तुम्हाला चांगलंच माहीत आहे." फोनवर दोघंही थोडं हसलो.

पहिला मसुदा भाषांतर करून आला होता. "बालकाच्या मानसिक स्थितीतील बदल." "परिघीय अवयवांची शीतलता." "मूत्रविसर्जनाच्या प्रमाणातील घट." मी तो घेऊन करंजाला गेले. काशीबाई आता फिरत नाही, गुडघे गेलेत. घरासमोर बोंबील, वाकट्या, मांदेली असं सगळं वाळत घातलं होतं, ती काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मुक्ता बरोबर होती, माझ्यापेक्षा बोटभर उंच झालेली. काशीबाईने तिच्याकडे मान वर करून पाहिलं. "ही का ती? बाय गो, एवरी उंच! तुला आता उचलायची तं क्रेन लागंल." मुक्ताने वाकून नमस्कार केला आणि पहिल्यांदाच सगळे वाळत घातलेले मासे बरोबर ओळखले. एक सोडून.

मी मसुदा वाचून दाखवला. काशीबाईने "शीतलता"पर्यंत ऐकलं. "यो कोनासाठी लिवलाय? डाक्टरासाठी? त्याला तं म्हाइत हाय ना."

दोन बायका येऊन बसल्या. त्यातली एक, काशीबाईची सून सुरेखा, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. आम्ही दुपारभर बसलो आणि प्रश्न नव्याने लिहिले. हातपाय गार आणि पोट गरम आहे का? लघवीला शेवटचं कधी गेलं? श्वास पळतोय का, बरगड्या आत ओढल्या जातायत का? ओळखीच्या माणसाकडे, आवडीच्या गोष्टीकडे बघतं का? अंगावर कुठे जखम, गळू, खपली आहे का? अंग नेहमीपेक्षा जास्त गार पडलंय का? आणि शेवटचा, जो शिफारशींतही आहे पण काशीबाईच्या तोंडून फार वेगळा वाटला: "तुज्या मनाला काय वाटतंय, यो आजार रोजच्यावानी हाय का येगला हाय?" यातल्या एकाचंही उत्तर काळजीचं आलं तर थांबायचं नाही, ताप असो वा नसो.

काशीबाईला मी विचारलं की कार्डावर तुमचं नाव घालू का. ती म्हणाली, "माजा नको. घालायचा तं त्याचा घाल." आणि थोरल्याचं नाव सांगितलं. कार्डाच्या खाली बारीक अक्षरात ते आहे. इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

काम संपलं असं मला वाटलं, तेवढ्यात सुरेखा म्हणाली, "ताई, समजा मला कळला. मंग न्यायचा कुटं? रविवारचा? मागं माजी पोर तापली तवा दोन ठिकानी 'उद्या ओपीडीला या' सांगितला."

त्याचं उत्तर कार्डावर नव्हतं. म्हणून मागची बाजू केली. डावीकडे गावं, उजवीकडे सर्वांत जवळचं असं ठिकाण जिथे कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी लहान मुलाला शिरेतून सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू करता येईल. असं वाटतं की हे एका फोनवर होईल. होत नाही. फोनवर सगळे "हो" म्हणतात. म्हणून मी स्वतः जाते, सुट्टीच्या दिवशी, आणि चार गोष्टी पाहते: दार उघडं आहे का, लहान मुलांच्या मापाच्या सुया आहेत का, औषध कपाटात आहे का, आणि त्या क्षणी सुई लावू शकणारं माणूस तिथे आहे का. चारही बरोबर असल्याशिवाय नाव लिहीत नाही. शिरढोणची ओळ भरली. आपट्याची भरली, तिथल्या नर्सताईंनी तर मला कपाट उघडून दाखवलं आणि चहा पाजला. काही ठिकाणी मी गेल्यानंतर महिन्याभराने सुया आल्या आणि त्यांनीच फोन करून सांगितलं.

मुक्ता आता चौदा वर्षांची आहे. तिला त्या दिवसांतलं फक्त कर्नाळ्याचा सुळका आणि मेतकूट आठवतं. नडगीवर बोटभर लांब पांढरी रेघ आहे. ज्यांनी ज्यांनी त्या बुधवारी वेळ वाया घालवला नाही, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, आणि ज्यांची मुलं परत आली नाहीत त्यांच्यापुढे मला बोलायला शब्द नाहीत. गुणगुणत चहा टाकणारी ती बाई मी होते, हे मी विसरू शकत नाही, आणि आता विसरायचा प्रयत्नही करत नाही.

मागच्या पानावर चाळीस ओळी आहेत. एकोणचाळीस भरल्या. करंजाची राहिली आहे. तिथून जवळचं म्हणून जे ठिकाण सांगतात तिथे मी दोनदा गेले, दोन्ही वेळा रविवार जमला नाही म्हणून कामाच्या दिवशी, आणि दोन्ही वेळा सगळं जागेवर होतं. पण सुरेखाने विचारलं होतं ते रविवारचं. कार्ड छापायला त्या एका ओळीपायी थांबलंय. या रविवारी सकाळी उरणची एसटी पकडायची आहे.